गादी हवेची, जबाबदारी कोणाची?

"वय झालं, अंथरुणाला खिळले, आता बेडसोअर व्हायचेच!" हे वाक्य पुन्हा कोणी माझ्यासमोर टाकलं तर मी भांडणार आहे. आधीच सांगून ठेवतो.

मंडळी, बेडसोअर होतात दाबामुळे. माकडहाड, खुबे, टाचा... जिथे हाड कातडीला लागून असतं, तिथे हाड आणि गादीच्या मध्ये मांस चेपतं, रक्त पोचत नाही आणि काही तासांत ते मरायला लागतं. नाईटिंगेलबाईंनी १८५९च्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्येच याचं खापर आजारावर नाही, बहुतांशी शुश्रूषेवर फोडलं होतं. आपण अजून वयावर फोडतोय!

आम्हा आयटीवाल्यांचा उपाय ठरलेला. एअर बेड ऑनलाईन मागवायचा, ब्युरोतून मावशी लावायच्या, की झालं कर्तव्य. अहो, एअर बेड दाब कमी करतो, संपवत नाही. कूस बदलावीच लागते, साधारण दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. सर्व्हर रात्री तीनला झोपला तर आपण टुणकन उठतो ना? मग वडिलांसाठी अलार्म का नाही? एकट्या मावशी सत्तर किलोचा माणूस रात्रभर कसा वळवणार, हा हिशोब कोणी केलाय?

तपासणी दोन मिनिटांची आहे. रोज अंग पुसताना पाठ, खुबे आणि टाचा बघा. लाल डागावर बोट दाबा. पांढरा पडला नाही तर समजा, सुरुवात झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही, म्हणून हात लावा: गरम, कडक, दुखरं लागतंय? त्या जागेवर भार नको. आणि चोळू नका! स्पिरिट-पावडरचं मालिश आणि रबरी रिंग, दोन्ही नकोत. ओढत सरकवू नका, दोघांनी चादरीने उचला. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा. डायपर ओला राहू देऊ नका. कातडी फाटली, काळी पडली, वास किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

सगळेच टळतात असं नाही. पडद्यावरचा सुपरमॅन ख्रिस्तोफर रीव्ह २००४ साली गेला, तेव्हा अशाच चिघळलेल्या जखमेवर उपचार चालू होते. पण जे टळतात, त्यांना नशीब म्हणणं हा शुद्ध पळपुटेपणा आहे.

असो. आज घरी फोन कराल तेव्हा "जेवले का?"च्या आधी "पाठ बघितली का?" विचारा. आणि घरी गेलात की एक रात्र मावशींना झोपू द्या. अलार्म तुम्ही लावा.