एक ना धड?

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढले नाही. त्यामुळे मी इकडे निघालो तेव्हा वडिलांनी बजावले, "काय ते एकच धर. एक ना धड, भाराभर चिंध्या करू नकोस." सकाळी कबड्डी आणि दुपारी भित्तिपत्रक करणाऱ्या मला ही म्हण इथेही पुष्कळदा ऐकावी लागली. तिच्यावरचा माझा विश्वास उडाला तो ऑर्व्हार बर्गमार्क (१९३०–२००४) या स्वीडिश माणसाविषयी वाचल्यावर.

१९५८ च्या जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने स्वीडनला ५-२ असे हरवले. त्या दिवशीचा सतरा वर्षांचा पेले सर्वांना ठाऊक आहे. हरलेल्या संघाचा उजवा बचावपटू कोणाला आठवणार? तोच बर्गमार्क. देशाकडून तो फुटबॉलचे ९४ सामने खेळला. आणि हाच गृहस्थ हिवाळ्यात बँडी खेळे, तीही राष्ट्रीय संघातून! बँडी म्हणजे बर्फावरची हॉकीच म्हणा ना. मैदान जवळजवळ फुटबॉलएवढे, दोन्हीकडे अकरा-अकरा गडी, पायांत स्केट, हातात वाकडी काठी आणि मुठीत मावेल एवढा चेंडू.

कोणी म्हणेल, ही दैवी देणगी. मला ते पटत नाही. तिकडे थंडीत मैदाने गोठली की फुटबॉल थांबे. ओरेब्रो शहरातील त्याच्या क्लबात फुटबॉल आणि बँडी दोन्ही होते. ऋतू बदलला की खेळ बदलायचा, क्लब मात्र तोच. अष्टपैलू होणे हे एकट्याच्या अंगच्या गुणांवर थोडेच असते? भोवतालच्यांनी तेवढी जागा ठेवावी लागते. बारमाही व्यावसायिक खेळाच्या आजच्या काळात हे अवघड आहे, हे मला मान्य आहे. पण कॉलेजातही ते अवघड का असावे?

पुढे १९६६ ते १९७० तो स्वीडनच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक होता. १९७० साली मेक्सिकोत इटलीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात एकवीस वर्षांचा गोलरक्षक रॉनी हेलस्ट्रोम याच्या अंगाखालून चेंडू निसटला आणि स्वीडन १-० असे हरले. पुढच्या सामन्यात बर्गमार्कने गोलरक्षक बदलला. इस्रायलशी १-१ अशी बरोबरी झाली, उरुग्वेला १-० असे हरवले. गुण उरुग्वेइतकेच झाले, पण गोलफरकात स्वीडन मागे राहिले. आणखी एक गोल झाला असता तर संघ पुढे गेला असता.

या माणसाविषयी मला आदर आहे, तरी तो निर्णय खटकतो. स्वतः दोन खेळांत वाढलेल्या माणसाने एका चुकीवरून पोराला बाहेर बसवावे? संघाचे हित पाहावे लागते, असे आमचे कबड्डीचे गडी म्हणतात. त्यावर आमचे अजून भांडण चालू आहे. हेलस्ट्रोम मात्र १९७४ च्या स्पर्धेत पुन्हा स्वीडनच्या गोलात उभा राहिला, आणि त्या वर्षीच्या उत्तम गोलरक्षकांत त्याची गणना झाली.