म्हाताऱ्या माणसांना नुसते बसवून ठेवू नका



आज पिकाचा विषय बाजूला ठेवतो. गेल्या महिन्यात हरभऱ्यावरील घाटेअळी पाहायला एका वस्तीवर गेलो होतो. घरचे अण्णा खाटेवर पडलेले. पहाटे गोठ्याकडे जाताना अंगणातल्या ठिबकच्या नळीत पाय अडकला आणि खुब्याचे हाड मोडले. मुलगा म्हणाला, "साहेब, दोन वर्षं झाली, अण्णांना एक काम सांगत नाही. जन्मभर राबले, आता बसून खावं म्हटलं. तरी पडले बघा!"

त्या 'तरी'पाशीच घोटाळा आहे. पण मी बोललो नाही. मीही माझ्या वडिलांच्या हातचे खुरपे असेच मायेने काढून घेतले होते. वर्षभरात त्यांना उंबरठा ओलांडताना भिंत धरावी लागू लागली.

चालताना तोल राखायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, कानाचा आतला भाग, आणि तळपाय व सांधे. मग नसांवाटे पायांना हुकूम जातो. वय झाले की खबरही उशिरा येते, हुकूमही उशिरा पोचतो. तरणा माणूस ठेचकाळला तर दुसरा पाय पटकन पुढे टाकून सावरतो. म्हाताऱ्याचा पाय तेवढ्यात पुढे येत नाही. त्यात पायांना काम नसेल तर स्नायू झडतात आणि ही वाटही मंदावते. पाणी न सोडलेली चारी गवताने बुजते, तसेच.

पण चारी पुन्हा वाहती करता येते. 1990 साली अमेरिकेत बोस्टन येथे नव्वदीच्या दुबळ्या वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. मांडीचा स्नायू वाढला सुमारे 9 टक्के, ताकद मात्र 174 टक्के! एवढी ताकद नुसत्या मांसातून येत नाही. नसा स्नायूंना पुन्हा नीट कामाला लावू लागतात.

आपल्याकडे वजने नकोत. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून, जमेल तर हाताचा आधार न घेता, दहा वेळा उठावे-बसावे. खांब धरून टाचा उचलाव्यात, मग क्षणभर एका पायावर उभे राहावे. शेजारी घरचे कोणी हवेच. रोज बांधापर्यंत एक फेरी. शेंगा फोडायला बसवणे हे काम खरे, पण पायांचे नव्हे.

मधुमेह असेल तर तळपाय बधिर होतात. चप्पल निसटली तरी कळत नाही. ब-12 जीवनसत्त्व कमी पडले तरी नसा बिघडतात. रक्तदाबाच्या गोळीने काहींना उठताच भोवळ येते. त्यांनी आधी खाटेच्या कडेला थोडे बसावे. ही तिन्ही गाऱ्हाणी प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा. गोळी मनाने बंद करू नका. आणि आईला "पडलीस का कधी?" असे मुद्दाम विचारा. बायामाणसे न्हाणीत घसरली तरी सांगत नाहीत.

परवा त्या वस्तीवर पुन्हा गेलो. शस्त्रक्रिया झाली आहे, डॉक्टरांनी वॉकर धरून चालायला सांगितले आहे. घरचे मात्र उठू देत नाहीत. अण्णा हळूच म्हणाले, "साहेब, पोराला सांगा, कोंबड्यांना दाणा टाकायचं काम तरी माझ्याकडं ठेव म्हणावं."

सांगितले. अंगणातली नळीही उचलायला लावली.