मात्रा कोण ठरवणार : वैद्यक की खिसा?

२०२३ साली महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतील मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये केली. निर्णय स्वागतार्हच होता. परंतु शस्त्रक्रिया काही तासांत संपते. औषध मात्र मूत्रपिंड टिकेल तोवर घ्यावे लागते. त्या औषधाची आजन्म हमी योजनेत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याची व शेतमजुराची खरी कसोटी येथूनच सुरू होते.

दुसऱ्याचे मूत्रपिंड, मग ते आईचे का असेना, शरीर आपले मानत नाही. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन यांसारखी औषधे द्यावी लागतात. आरंभीच्या महिन्यांत धोका मोठा, म्हणून मात्राही मोठी; पुढे ती क्रमाने उतरवतात. मात्रा अधिक झाली तर जंतुसंसर्ग व मधुमेह बळावतात आणि टॅक्रोलिमस त्या मूत्रपिंडालाच इजा करते. कमी पडली तर शरीर मूत्रपिंड नाकारते. हा तोल रक्तातील औषधाची पातळी वेळोवेळी मोजूनच साधतो. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन सुरू झाले, तर ही पातळी झपाट्याने घसरते. तेव्हा मात्रा वाढवावी लागते.

मात्रा उतरवण्याचा अधिकार वैद्यकाचा. पण कापसाचा चुकारा हाती येईपर्यंत ज्या घरात औषधांच्या दुकानाची उधारी थकते, तेथे ती कोण उतरवतो? खिसा! दोन वेळची गोळी एक वेळेवर येते; तपासणीसाठी नागपूरची वारी म्हणजे बसभाडे आणि बुडालेली मजुरी, म्हणून तीही पुढे ढकलली जाते. मूत्रपिंड फारशी वेदना न होता निकामी होत जाते, आणि शेवटी कागदावर शेरा पडतो : ‘रुग्णाने औषध नियमित घेतले नाही.’ दारिद्र्याचा गुन्हा रुग्णाच्या नावावर!

‘जन्मभर पुरवायला पैसा कोठून आणायचा?’ हा अर्थखात्याचा ठरलेला सवाल. मूत्रपिंड गेले की रुग्ण पुन्हा डायलिसिसवर येतो, आणि गरिबांच्या मोफत डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६पासून सरकारी पैशावरच चालतो. म्हणजे गोळीचे पैसे वाचवून यंत्राचे भरायचे, आणि आईने वा पत्नीने दिलेले मूत्रपिंड मातीमोल करायचे! अमेरिकेतही सरकारी विमा पासष्ट वर्षांखालील अनेक प्रत्यारोपित रुग्णांची औषधे ३६ महिन्यांनंतर बंद करीत असे. हा हिशोब आतबट्ट्याचा आहे हे उमगल्यावर २०२० साली कायदा बदलला आणि १ जानेवारी २०२३पासून ती मर्यादा उठली. इतके दूर तरी कशाला? पैनगंगेपलीकडच्या तेलंगणाने प्रत्यारोपित रुग्णांना आजन्म मोफत औषधे देण्याचे धोरण स्वीकारले. नदीच्या एका काठावर जो हक्क ठरतो, तो दुसऱ्या काठावर चैन कसा ठरतो?

मागणी सरळ आहे. प्रत्यारोपित रुग्णाला औषधे आजन्म मोफत मिळावीत. ती पुसद, वणी, पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी मिळावीत. रक्तातील पातळीची तपासणी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विनामूल्य व्हावी. कार्यकर्त्यांनी गावोगावच्या अशा रुग्णांची नोंद करून हा प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांपुढे व विधानसभेत नेला पाहिजे. शस्त्रक्रियेचे श्रेय घेणाऱ्या शासनाने गोळीची जबाबदारीही घेतली पाहिजे.