विश्लेषण : डेटाचे ‘तुकडे’ फायरवॉलला चकवतात कसे?

फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी. पण त्याच्यासमोर पूर्ण पॅकेटऐवजी तुकडे आले, तर आत सोडायचे की नाही हे त्याने कशावरून ठरवायचे? या जुन्या प्रश्नाचा फटका २०१८ मध्ये लिनक्सला आणि २०२३ मध्ये फ्रीबीएसडीला बसला. अँड्रॉइड फोन आणि घरातले अनेक वायफाय राउटर लिनक्सच्याच कर्नलवर चालतात. त्यामुळे हा विषय केवळ तंत्रज्ञांपुरता नाही.

पॅकेटचे तुकडे का होतात?

आयपीच्या नियमांनुसार पॅकेट ६५,५३५ बाइटपर्यंत मोठे असू शकते, पण इथरनेटवरून एका वेळी साधारणपणे १५०० बाइटच जातात. मग मोठ्या पॅकेटचे तुकडे करावे लागतात. १९८१ च्या ‘आरएफसी ७९१’ने त्याची पद्धत ठरवून दिली. प्रत्येक तुकड्यावर ओळख क्रमांक, मूळ पॅकेटमधली जागा आणि ‘मागे आणखी तुकडे आहेत’ ही खूण असते. ते जोडण्याचे काम मुक्कामी असलेल्या संगणकाचे.

फायरवॉलची अडचण काय?

समजा, सोसायटीत एक कपाट सुटे करून चार खोक्यांतून आले. सोसायटीचा पत्ता चारही खोक्यांवर आहे, पण फ्लॅट क्रमांक फक्त पहिल्यावर. वॉचमनने उरलेल्या तीन खोक्यांचे काय करायचे? फायरवॉलचेही तसेच होते. कोणत्या सेवेकडे जायचे हे सांगणारा पोर्ट क्रमांक सहसा पहिल्याच तुकड्यात असतो.

याचा गैरफायदा घेणाऱ्या दोन युक्त्या १९९५ च्या ‘आरएफसी १८५८’मध्ये नोंदवल्या आहेत. पहिली, सुरुवातीचा तुकडा इतका छोटा करायचा, की तपासायची माहिती दुसऱ्या तुकड्यात जावी. दुसरी, नंतरचा तुकडा आधीच्यावर चढवायचा, म्हणजे तपासून झालेली माहिती जोडताना बदलते. फायरवॉलने पाहिले एक, आत पोहोचले दुसरेच!

आधी जोडून मगच तपासले तर?

उत्तर हेच आहे. ओपनबीएसडीचा ‘पीएफ’ तसे करतो. लिनक्समध्येही कनेक्शनची नोंद ठेवणारी यंत्रणा सुरू असेल, तर तुकडे आधी जोडले जातात. पण उरलेले तुकडे येईपर्यंत आलेले सांभाळावे लागतात. लिनक्स त्यासाठी ३० सेकंद थांबते. हल्लेखोराने शेवटचा तुकडा पाठवलाच नाही तर?

ऑगस्ट २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘फ्रॅगमेंटस्मॅक’ने हेच दाखवले. लिनक्सच्या ३.९ आवृत्तीपासून अर्धवट पॅकेटसाठीची मेमरी मर्यादा वाढून ४ एमबी झाली होती. तुकड्यांची रांग लांबली, प्रत्येक नव्या तुकड्याची जागा शोधताना प्रोसेसरची दमछाक झाली. थोड्याशा पॅकेटनेही यंत्र अडकवता येत होते. तातडीचा उपाय म्हणून मर्यादा पुन्हा २५६ केबीवर आणण्याचा सल्ला दिला गेला.

२०२३ मधली चूक वेगळी होती. एकाच आयपीव्ही-६ पॅकेटमध्ये तुकड्यांची एकाहून अधिक हेडर असतील, तर फ्रीबीएसडीचा ‘पीएफ’ जोडणी करूनही त्याला तुकडाच समजत असे. आतला खरा मजकूर नियमांच्या कसोटीला लागतच नसे.

सगळे तुकडे फेकून का देऊ नयेत?

अनेक नेटवर्क तसेच करतात. पण हा रोगापेक्षा इलाज भयंकर ठरतो. डीएनएसची मोठी, विशेषतः डिजिटल सही असलेली उत्तरे तुकड्यांत येऊ शकतात. ती वाटेत गायब झाली, की संकेतस्थळ उघडत नाही आणि कारणही कळत नाही. म्हणूनच २०२० मध्ये डीएनएसची यूडीपी उत्तरे १२३२ बाइटमध्ये बसवण्याची शिफारस झाली. त्याच वर्षीच्या ‘आरएफसी ८९००’नेही नव्या प्रोटोकॉलनी तुकड्यांवर विसंबू नये, असे सुचवले.

मग मार्ग कोणता?

नवे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी तुकडे टाळावेत, हे खरे. पण आलेल्या तुकड्यांचा निवाडा कर्नललाच करावा लागणार. तो तीन गोष्टींवर उभा असावा : आधी जोडणी, तीही ठरावीक मेमरीतच, आणि एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांना थेट नकार. २०१८ नंतर लिनक्सनेही असे आयपीव्ही-४ तुकडे नाकारायला सुरुवात केली.

खरा प्रश्न ही दुरुस्ती घरापर्यंत पोहोचण्याचा आहे. राउटर एकदा भिंतीवर चढला, की बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाही. कर्नलमधली चूक काही आठवड्यांत दुरुस्त होते. भिंतीवरच्या डब्यात ती वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. आपले उपकरण किती वर्षे अपडेट मिळवणार, हे कंपन्यांनी खोक्यावरच छापायला हवे. वेग आणि किंमत विचारणाऱ्या ग्राहकानेही हा तिसरा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.