अंगावर काढू नका

सभासद बंधूंनो, उसाचा पोंगा वाळला की तुमचा निरोप त्याच दिवशी गट ऑफिसला येतो. घरची बाई मात्र पांढरं जाणं, कंबरदुखी वर्षानुवर्षं अंगावर काढते.

डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८!

पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, संबंधानंतर रक्त जाणं, वास येणारा स्राव, ओटीपोटात सतत दुखणं, स्तनात गाठ, ही लक्षणं थांबण्याची नव्हेत. गाठ दुखत नाही, म्हणूनच ती फसवते.

दुसरं टोकही वाईट. बीडकडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. पांढरं जातं एवढ्यावरून पिशवी काढायची नसते, पुष्कळदा औषधानं भागतं. पोंगा वाळला म्हणून आपण अख्खा प्लॉट मोडतो का?

ऊसबिल जमा झालं की त्याच आठवड्यात मालकिणीला ग्रामीण रुग्णालयात दाखवून आणा. लेडी डॉक्टर कोणत्या वारी असतात, ते आधी विचारून घ्या.