तडकलेल्या घरांचा पंचनामा

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत दोन रकमा शेजारी-शेजारी आहेत. सपाट प्रदेशात घर पूर्ण पडले तर १ लाख २० हजार रुपये. पक्के घर अंशतः मोडले, म्हणजे नुकसान किमान १५ टक्के आहे पण घर उभे आहे, तर ६ हजार ५०० रुपये. अंशतः मोडलेल्या कच्च्या घराला आणखी कमी, ४ हजार. ही मदत आहे, भरपाई नव्हे, हे खरे. राज्य सरकार कधी कधी त्यात आपली भर घालते, हेही खरे. पण भूकंपानंतर एखाद्या लहान जिल्ह्यात घरांची टंचाई वर्षानुवर्षे का रेंगाळते, याचे बरेचसे उत्तर या दोन रकमांमधल्या दरीत सापडते. साडेसहा हजारांत एका गवंड्याची फार तर आठवडाभराची मजुरी निघेल. दगडमातीच्या भिंतीला आरपार तडा गेलेले घर तेवढ्यात दुरुस्त होत नाही. मग घरमालकापुढे दोनच वाटा उरतात: तडकलेल्या भिंतींमध्ये जीव मुठीत धरून राहायचे, नाहीतर आपले घर ‘पूर्ण पडझड’ या रकान्यात जावे म्हणून तलाठ्याच्या मागे लागायचे. भूकंपानंतरचा पहिला पैसा, पहिला अभियंता आणि पहिला गवंडी पडलेल्या नव्हे, तर तडकलेल्या घराकडे गेला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. ऐकायला ते निर्दय वाटेल. पण महाराष्ट्राने याचा मोठा धडा एकदा घेतलेला आहे, आणि तो विसरण्याइतका जुना झालेला नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसराला धक्का बसला तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे जिल्हे देशाच्या भूकंप नकाशावर सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पहिल्या श्रेणीत होते. धक्का ६.२ तीव्रतेचा, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. तरीही सुमारे ८ हजार माणसे गेली, आणि ती प्रामुख्याने घरांनी मारली. हात-दोन हात जाडीच्या भिंती, बाहेरून आणि आतून दगडाचे दोन थर, मधल्या पोकळीत भर, सांध्यांना काळी माती, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आडवे लांब दगड बहुतेक ठिकाणी नाहीत. वर मातीचे जड माळवद. जमीन हलली तेव्हा भिंतीचे थर एकमेकांपासून सुटले आणि दगड झोपलेल्यांवर आले. कित्येक घरांत लाकडी खांब आणि तुळया मात्र जागच्या जागी उभ्या राहिल्या, ही गोष्ट पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी तेव्हाच नोंदवली होती.

पुनर्वसनाचा जो कार्यक्रम जागतिक बँकेच्या सुमारे २५ कोटी डॉलरच्या कर्जातून आणि देशभरातल्या देणग्यांतून राबवला गेला, त्याने गावांची प्रतवारी केली. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे ‘अ’ वर्गात. ती नव्या जागी हलवायची आणि कंत्राटदारांनी किंवा दानशूर संस्थांनी तयार घरे बांधून द्यायची. ‘ब’ वर्गातली गावे आहे त्याच जागी पुन्हा बांधायची. ‘क’ वर्गात मात्र घरे मोडलेली पण गावे उभी असलेला प्रचंड पट्टा. तिथे नुकसानीच्या प्रमाणात १७ हजार किंवा ३४ हजार रुपये द्यायचे आणि दुरुस्ती-मजबुतीचे काम घरमालकाने स्वतः करून घ्यायचे. ‘अ’ वर्गातली घरे पाव लाखाच्या थोडी वर होती. ‘क’ वर्गातली जवळपास २ लाख, आणि ती १३ जिल्ह्यांत पसरलेली. केंद्रापासून दूर जाताना धक्का घरे पाडायचे थांबतो, पण तडे पाडायचे थांबत नाही. वर्तमानपत्रांतली छायाचित्रे, मंत्र्यांचे दौरे आणि देणगीदारांचे फलक मात्र त्या ५२ गावांपुरतेच राहिले. आजही ‘किल्लारीचे पुनर्वसन’ म्हटले की लोकांना नवी वसाहतच आठवते.

त्या वसाहतींबद्दल बोलताना न्याय राखायला हवा. जिथे गाव दगडांचा ढीग झाले होते आणि प्रत्येक घरातले कुणी ना कुणी गेले होते, तिथे दुरुस्तीची भाषा करणे क्रूरपणाचे ठरले असते. शिवाय भूमिहीनालाही मालकीचे पक्के घर मिळाले, हे या योजनेचे मोठे श्रेय. पण घराचे माप ठरले जमिनीवरून: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. मापाप्रमाणे घरांच्या रांगा पडल्या, की गावाची मांडणीही मापाप्रमाणे होते. अनेक ठिकाणी भावकी विखुरली आणि लहान घरवाले एका बाजूला गेले. जुन्या दाट गावठाणाच्या कितीतरी पट जागा नव्या गावाने व्यापली, आणि ती शेतजमिनीतून आली. रुंद सरळ रस्ते अधिकाऱ्यांना आवडले. बैल, कडबा, शेणी आणि बाजेवरची म्हातारी माणसे यांची सोय त्या आराखड्यात कुणी विचारपूर्वक केली होती, असे दिसत नाही. आणि २५० चौरस फुटांत धाकट्या मुलाचे लग्न झाल्यावर काय करायचे, याचे उत्तर कंत्राटात नव्हते. लोकांनी ते आपापल्या परीने शोधले: पत्रे ठोकून, विटा रचून, मूळ बांधकामाच्या भूकंपरोधक हिशेबाची पर्वा न करता.

‘क’ वर्गातली गोष्ट कमी देखणी, पण अधिक शिकवणारी आहे. अभियंत्यांची अपेक्षा होती की लोक जुन्या भिंती बळकट करतील: माळवदावरची माती कमी करतील, भिंतीत आडवे दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालतील, दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा ओततील. बहुतेकांनी तसे केले नाही. त्यांनी ते पैसे घेतले, दगडी भिंती उतरवल्या किंवा तशाच ठेवल्या, आणि अंगणात वा शेजारी विटा-सिमेंटची एक खोली बांधली. तज्ज्ञांनी याला मजबुतीकरणाचे अपयश म्हटले. तांत्रिक अर्थाने ते आहेच. पण घरांच्या टंचाईच्या बाजूने पाहिले तर त्यात वेगळेच काही दिसते. घाबरलेल्या कुटुंबाला तिसऱ्या वर्षी मिळणाऱ्या ७५० चौरस फुटांपेक्षा या पावसाळ्याआधी रात्री झोपायला एक भरवशाची खोली हवी होती, आणि हातात थोडे पैसे, सल्ल्याला अभियंता व गावात गवंडी मिळताच त्याने ती उभी केली. हे सारे निगराणीविना झाले, असेही नाही. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून गावोगाव नेमल्या गेल्या; कुणाला किती मिळायचे, हप्ता का अडला, कामात काय चुकते आहे, हे त्या सांगत आणि विचारत. कार्यालयात बसून कुणाला ते जमले नसते.

लहान जिल्ह्यात हा मुद्दा अधिक धारदार होतो. उदाहरण म्हणून हिंगोली घ्या: १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला, पाच तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाख लोकसंख्येचा जिल्हा. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये तिथे ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. नांदेड-परभणीलाही ते जाणवले. मोठा भूकंप होईलच असे त्यावरून म्हणता येत नाही, आणि तसे म्हणून लोकांना घाबरवणाऱ्यांपासून दूर राहावे. पण झालाच, तर अशा जिल्ह्याकडे किती गवंडी आहेत, किती कनिष्ठ अभियंते आहेत, वाळू कुठल्या नदीतून येते, हे प्रश्न पैशाइतकेच मोलाचे असतात. मराठवाड्यातले हजारो हात दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर जातात. वीस हजार नवी घरे एकदम काढली तर मजुरी आणि वाळू यांचे भाव चढणार, कंत्राटदार बाहेरचा येणार, त्याचे मजूर बाहेरचे, आणि सरकारी पैशाचा मोठा भाग जिल्ह्याला न शिवता परत बाहेर जाणार. भाव चढल्याची झळ कुणाला? ज्याला साडेसहा हजार मिळाले आणि ज्याला स्वतःच्या खर्चाने भिंत सांधायची आहे, त्याला. म्हणजे नव्या बांधकामाची घाई दुरुस्तीला महाग करते आणि दुरुस्त होऊ शकणारी घरे पडकी होऊ देते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ती खरोखरच ‘पूर्ण पडझड’ होतात. टंचाईचा काही भाग अशा रीतीने भूकंप नव्हे, पुनर्वसनच निर्माण करते.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा, आणि तो हलका नाही. तडकलेले दगडी घर डागडुजी करून पुन्हा वापरायला देणे म्हणजे पुढच्या धक्क्यासाठी सापळा लावणे नव्हे काय? गिलावा मारून तडा झाकला तर निश्चितच सापळा. म्हणूनच पैसा तपासणीशी बांधलेला हवा. २००१ च्या भूकंपानंतर गुजरातने नेमके हेच केले: घरमालकाने स्वतः बांधायचे, रक्कम तीन हप्त्यांत, आणि पुढचा हप्ता अभियंत्याने आधीचा टप्पा पाहून मान्य केल्यावर. त्या रीतीने तिथे सुमारे दोन लाख घरे पुन्हा उभी राहिली. नेपाळनेही २०१५ नंतर तीन लाख नेपाळी रुपयांचे अनुदान असेच टप्प्यांत दिले. शिवाय ज्या भिंती सांधण्यापलीकडे गेल्या आहेत, त्या उतरवायलाच हव्यात. पण त्यामागे घराच्या छपराखालची लाकडी चौकट उभी असेल तर तिच्याभोवती हलक्या भिंती घालणे नव्या घरापेक्षा स्वस्त पडते. हा निर्णय तलाठ्याच्या पंचनाम्यावर सोडणे मात्र चूक. पंचनामा नुकसान मोजतो, घर वाचेल की नाही हे त्याला ठाऊक नसते.

दुसरा आक्षेप असा की रोख पैसा लग्नात, कर्जात, दवाखान्यात जिरेल. काही प्रमाणात जिरेलही. पण प्रधानमंत्री आवास योजनेची घरकुले खेड्यापाड्यांत याच पद्धतीने बांधली जात आहेत: लाभार्थी बांधतो, टप्प्याचे छायाचित्र जाते, हप्ता थेट खात्यात येतो. त्या योजनेत कुरबुरी आहेत, हप्ते रखडतात, वाळू मिळत नाही. तरीही तिच्यासाठी जी यंत्रणा रोज चालते, ती भूकंपाच्या वेळी विसरून कंत्राटदाराच्या निविदा काढण्याचे कारण समजत नाही. कंत्राटात गैरव्यवहार होत नाहीत असा दावा तर कुणी करणार नाही.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. दुरुस्तीचा पैसा ज्याच्या नावावर घर आहे त्यालाच मिळतो. गायरानावर राहणारा, गावठाणाबाहेर झोपडी घातलेला, तालुक्याच्या गावी एका खोलीत भाड्याने राहणारा, यांचे काय? भाडेकरूची अवस्था तर सर्वांत वाईट. पडलेले घर त्याचे नसते, म्हणून यादीत त्याचे नाव नसते, आणि भूकंपानंतर अधिकारी, ठेकेदार व संस्थांची माणसे त्याच गावात खोल्या शोधू लागल्यावर भाडे त्याच्या हाताबाहेर जाते. इथे सरकारला बांधावेच लागेल, जमीन द्यावीच लागेल, काही काळ भाड्याची रक्कमही द्यावी लागेल. पण याच कारणासाठी तडकलेल्या घरांचे ओझे आधी उतरवले पाहिजे. मालकी असलेली पाच घरे दुरुस्तीने परत वापरात आली, तर सरकारी जमीन, सिमेंट आणि लक्ष सहाव्या, खरोखर काहीच नसलेल्या कुटुंबाला पुरते.

यासाठी निकषांत दोनऐवजी तीन पायऱ्या हव्यात: पूर्ण पडझड, दुरुस्तीयोग्य पण राहण्यास धोकादायक, आणि किरकोळ. मधल्या पायरीची रक्कम पूर्ण पडझडीच्या निम्म्याच्या आसपास असली पाहिजे, म्हणजे घर वाचवणे घाट्याचा सौदा राहणार नाही. १९९४ मध्ये १७ आणि ३४ हजारांची विभागणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना ही गोष्ट कळली होती. आणि ही पायरी ठरवायला कोण जाणार, हे भूकंपाच्या सकाळी शोधून चालणार नाही. शासकीय तंत्रनिकेतनांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, निवृत्त शाखा अभियंते, दगडी बांधकाम जाणणारे जुने गवंडी यांची तालुकावार यादी, आणि त्यांना तडा वाचायला शिकवणारे आठ दिवसांचे प्रशिक्षण, एवढे काम जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला शांततेच्या काळातच उरकता येईल.