लॅपटॉप मेला म्हणजे डेटा मेला नाही!

परवा माझा अकरा वर्षं जुना लॅपटॉप बसला. वाशीतल्या एका दुकानात नेला. काउंटरवरच्या पोराने बटण दाबलं, मान हलवली. "मदरबोर्ड गेला काका. नवीन घ्या. डेटा पाहिजे तर रिकव्हरी, आठ हजारांपासून पुढे." एक स्क्रू उघडला नव्हता पठ्ठ्याने!

त्या डिस्कवर काय होतं? १० जून २०२१ ची मानवी साखळी. विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून तोंडाला मास्क लावून हातात हात धरलेल्या आमच्या आगरी-कोळी बाया. २४ जूनची बेलापूरची, सिडको भवनाकडे निघालेली गर्दी. ८ ऑक्टोबर २०२५ चं उद्घाटन सगळ्या चॅनेलांकडे आहे. हे फोटो फक्त माझ्याकडे.

घरी आलो. पाठचं झाकण काढलं, अडीच इंची साटा डिस्क सरकवून बाहेर घेतली. साडेतीनशे रुपयांची यूएसबी केस आणली, डिस्क तिच्यात बसवली आणि बायकोच्या लॅपटॉपला लावली. फोल्डर उघडायला परवानगी मागितली, 'कंटिन्यू' दाबलं. सगळं जागेवर!

अहो, गाडीचं इंजिन बसलं म्हणून डिकीतली पिशवी जळत नाही. मदरबोर्ड वेगळा, डिस्क वेगळी. दुकानदाराला हे माहीत नसतं का? पक्कं माहीत असतं. आठ हजार त्या पिशवीचे नाहीत, आपल्या घाबरण्याचे आहेत.

रिकव्हरीवाले सगळेच चोर, असं मी म्हणत नाही. डिस्क स्वतःच टकटक वाजत असेल तर घरी प्रयोग करू नका, लगेच काढा आणि जाणकाराकडे द्या. तिथे पैसे मोजावेच लागतात. डिस्क लावल्यावर 'फॉरमॅट करायची का?' असं विचारलं तर चुकूनही हो म्हणू नका. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की लागेल. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क असेल तर वेगळा अडॅप्टर असलेली केस घ्या, ती नुसत्या यूएसबीवर फिरत नाही. फार जुनी, रुंद पट्टीच्या केबलची असेल तर आयडीईची केस मागा.

आणि दुसरा धंदा एक्सचेंजचा. "जुना द्या, हजार रुपये कमी करतो." त्या हजारात तुमची डिस्कही जाते. तिच्यावर आधार, पॅन, सातबारा, पोरीच्या लग्नाचे फोटो. डिलीट केलं म्हणजे पुसलं गेलं, असंही नसतं. देण्याआधी डिस्क काढून घ्या. मागायला लाजू नका, ती तुमची आहे.

शाळा, पतसंस्था, गावकीची मंडळं, तुमच्याही कपाटात बंद पडलेले कॉम्प्युटर आहेत, मी पाहिलेत. १९८४ च्या जासईच्या लढ्यात पाच जण हुतात्मा झाले. त्या दिवसांचे फोटो कुणी स्कॅन करून अशा एखाद्या डब्यात ठेवले असतील, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मला इनबॉक्स करा. स्क्रूड्रायव्हर आणि केस मी घेऊन येतो. चहा तुमचा.